टार्टर आणि तातार

रसायनशास्त्राच्या वर्गात टार्टारिक आम्लाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: दंतवैद्य ज्याला टार्टर म्हणतात त्या दातांवरच्या कठीण थराचा आणि या आम्लाचा काही संबंध आहे का? इतिहासाची आवड असलेला एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर चंगीझखानाच्या काळातील टार्टर लोकांविषयीही विचारणा होते. तासाच्या मर्यादेत या प्रश्नांना न्याय देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. दातांवरच्या थरात टार्टारिक आम्ल नसते आणि लोकांच्या नावाचा द्राक्षारसातील क्षाराशी मुळात काहीही संबंध नाही. तरीही ही सारी एकाच नावाखाली आली, त्यामागे एका वैद्याचा चुकीचा पण प्रभावी तर्क आहे आणि तेराव्या शतकातील युरोपला वाटलेली भीती आहे. या दोन कारणांपैकी पहिल्याविषयी माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याविषयी मात्र आहे.

सुरुवात द्राक्षापासून केली पाहिजे. लिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा असतो, सफरचंदाचा मॅलिक आम्लाचा. द्राक्षात मॅलिक आम्लाबरोबर टार्टारिक आम्लही भरपूर असते, आणि युरोपात नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या फळांपैकी दुसऱ्या कुठल्याही फळात ते इतक्या प्रमाणात आढळत नाही. द्राक्षाच्या रसात या आम्लाचा काही भाग पोटॅशियमशी जोडला जाऊन पोटॅशियम हायड्रोजन टार्ट्रेट या क्षाराच्या रूपात असतो. हा क्षार थंड पाण्यात फार कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात त्याचे जेमतेम सहा ग्रॅम विरघळतात, तर उकळत्या पाण्यात त्याच्या सुमारे दहापट. मद्यार्कात त्याची विद्राव्यता आणखी कमी होते. त्यामुळे किण्वनाने रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ लागले आणि पुढे तळघरातील पिंपात वाइन थंडीत मुरत राहिली, की हा क्षार द्रावणात टिकू शकत नाही. तो पिंपाच्या आतल्या बाजूला तांबूस किंवा पांढुरक्या स्फटिकांच्या कवचासारखा चिकटून बसतो. या कवचाचे नाव टार्टर. जर्मन भाषेत त्यालाच वाइनचा दगड या अर्थाचा शब्द आहे, आणि ज्याने हे कवच हाताने खरवडून पाहिले असेल त्याला ते नाव अगदी पटेल.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये मध्ययुगीन लॅटिनमधील ‘टार्टारम’वरून आणि लॅटिनमध्ये मध्ययुगीन ग्रीकमधून. त्याच्या मागे जाताना वाट धूसर होते. काही अभ्यासक गाळ किंवा साका या अर्थाच्या अरबी शब्दाकडे बोट दाखवतात, आणि किमयागारांची परिभाषा अरबीतून युरोपात किती मोठ्या प्रमाणावर आली हे लक्षात घेता हा तर्क अस्वाभाविक वाटत नाही. अल्कोहोल आणि अल्कली हे शब्द त्याच वाटेने आलेले आहेत.

पिंपातून खरवडलेले कच्चे टार्टर गरम पाण्यात विरघळवून, गाळून, थंड होऊ दिले की शुद्ध क्षाराचे बारीक स्फटिक द्रावणाच्या पृष्ठभागावर सायीसारखे जमतात. बेकरीच्या सामानात मिळणाऱ्या ‘क्रीम ऑफ टार्टर’मधील क्रीम ते हेच, त्यात दूध किंवा लोणी यांचा अंशही नसतो. अंड्याचा पांढरा भाग फेटताना फेस टिकावा म्हणून ते चिमूटभर घालतात. खाण्याच्या सोड्याबरोबर ते मिसळले की पाणी मिळताच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बेकिंग पावडरचे सुरुवातीचे मिश्रण याच तत्त्वावर बनलेले होते. आजच्या वाइनरींत बाटलीबंद करण्यापूर्वी वाइन शून्याच्याही खाली थंड करून हे स्फटिक मुद्दाम आधीच खाली बसवतात, कारण बाटलीच्या तळाशी चमकणारे कण दिसले की ग्राहकाला ती काच वाटते. हे स्फटिक पूर्णपणे निरुपद्रवी असतात.

पुरातत्त्वज्ञांनी या आम्लाचा उपयोग ज्या रीतीने केला आहे तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पश्चिम आशियात टार्टारिक आम्लाचा मोठा स्रोत म्हणजे द्राक्ष, त्यामुळे जुन्या मडक्याच्या खापरात मुरलेले हे आम्ल सापडले तर त्यात एकेकाळी द्राक्षाचा रस किंवा वाइन असावी असे अनुमान करता येते. इराणमधील हाजी फिरूझ टेपे येथील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे रांजण आणि जॉर्जियातील त्याहून सुमारे हजार वर्षे जुनी खापरे यांची ओळख अशीच पटली. भारतात हा निकष जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपल्याकडे चिंच आहे.

चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच असतो आणि तिच्या गरात पोटॅशियमचा तोच क्षारही असतो. आपल्या आजी-पणजींनी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासली तेव्हा त्या हेच आम्ल वापरत होत्या: भांड्यावर साचलेला तांब्याच्या ऑक्साइडचा काळपट थर आम्लात विरघळतो आणि खालचा चकचकीत धातू उघडा पडतो. कोकणात आमटीला आंबटपणा देणाऱ्या आमसुलाचे आम्ल वेगळे आहे, ते सायट्रिकच्या कुळातले. विद्यार्थ्यांना टार्टारिक आम्ल ही कुठली तरी परदेशी चीज वाटते, म्हणून मी वर्गात चिंचेचा उल्लेख आधी करतो आणि द्राक्षाचा नंतर.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७६९ मध्ये टार्टरपासून हे आम्ल वेगळे केले. त्यानंतर जे घडले त्याने रसायनशास्त्राची दिशाच बदलली, त्यामुळे तेथे थोडे थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्सेसमधील टार्टारिक आम्लाच्या एका कारखान्यात एक वेगळेच आम्ल हाती लागले. रासायनिक पृथक्करणात ते टार्टारिक आम्लासारखेच होते, पण गुणधर्मांत भिन्न. द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘रेसेमिक’ आम्ल असे नाव मिळाले. झां-बाप्तिस्त बिओ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले होते की नेहमीच्या टार्टारिक आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, जाऊ दिला तर त्याचे प्रतल एका बाजूला वळते. रेसेमिक आम्ल मात्र ते अजिबात वळवत नव्हते. घटक तेच, प्रमाण तेच, आणि प्रकाशाशी वागणूक वेगळी. याचा अर्थ कोणालाही लागत नव्हता.

१८४८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चरने रेसेमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक भिंगाखाली तपासले. त्याच्या लक्षात आले की स्फटिकांच्या कडेचे लहान पैलू काहींत उजवीकडे झुकलेले आहेत, तर काहींत डावीकडे. एक प्रकार दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब होता. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले, त्यांची वेगवेगळी द्रावणे बनवली आणि ध्रुवित प्रकाशात तपासली. एका द्रावणाने प्रतल उजवीकडे वळवले, दुसऱ्याने तितकेच डावीकडे. रेसेमिक आम्ल हे या दोघांचे समसमान मिश्रण होते आणि म्हणूनच ते प्रकाशाला वळवत नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या बिओचा यावर सहजी विश्वास बसला नाही. त्याने पाश्चरला आपल्यासमोर आपल्याच रसायनांनी प्रयोग पुन्हा करायला लावला आणि अंतिम मोजमाप स्वतः केले. हे दोन प्रकारचे स्फटिक साधारण २७ अंशांखालील तापमानालाच वेगवेगळे तयार होतात, त्याहून गरम द्रावणात ते मिश्र रूपात येतात. पॅरिसची थंड हवा पाश्चरला अनुकूल ठरली. परंतु अनुकूल हवा अनेकांना मिळाली होती, आणि पैलूंचा झुकाव पाहून त्याचा अर्थ लावणारी नजर त्याच्याकडेच होती, याचे श्रेय त्याला पूर्णपणे दिले पाहिजे.

रेणूंनाही डावा आणि उजवा हात असतो ही कल्पना पिंपातल्या या कवचातून जन्मली. आजही औषधनिर्मितीत अशा समसमान मिश्रणाला रेसेमिक म्हणतात, म्हणजे औषधाच्या कारखान्यात रोज द्राक्षाच्या घडाचे नाव घेतले जाते.

टार्टरच्या कुळातील इतर संयुगांची यादी मोठी आहे. फ्रान्समधील ला रोशेल येथील औषधविक्रेता पिएर सेन्येत याने सतराव्या शतकात बनवलेला सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट हा क्षार रेचक म्हणून विकला जाई. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी दाब दिल्यावर वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांमध्ये त्याची नोंद केली, आणि पुढे ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये तोच वापरला गेला. अँटिमनीयुक्त टार्टर, म्हणजे ‘टार्टर एमेटिक’, हे शतकानुशतके उलटी आणणारे औषध होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते काळा आजारावर, म्हणजे बंगाल-आसामात असंख्य बळी घेणाऱ्या तापावर, शिरेतून देण्यास सुरुवात झाली. ते गुणकारी होते पण फार विषारी, आणि त्याला अधिक सुरक्षित पर्याय शोधतानाच उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात युरिया स्टिबामाइन तयार केले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील इतक्या मोठ्या कामाची आपल्या पाठ्यपुस्तकांत पुरेशी दखल घेतली जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दातांकडे वळू. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला वैद्य आणि किमयागार पॅरासेल्सस याने सोळाव्या शतकात असा सिद्धांत मांडला की पिंपात जसा वाइनचा गाळ कठीण होऊन बसतो, तसाच अन्नाचा न पचलेला अंश शरीरात साचून दगडासारखा होतो. पोटात आर्किअस नावाचा जणू एक आतला किमयागार असतो. तो अन्नातले शुद्ध आणि अशुद्ध वेगळे करतो, आणि त्याचे काम बिघडले की मूतखडा, पित्तखडा, संधिवातातील गाठी आणि दातांवरचे कवच निर्माण होते. या सगळ्यांना त्याने टार्टरचे रोग म्हटले. ग्रीक पुराणातील टार्टारस या पाताळाशीही त्याने शब्दाचा संबंध लावला, कारण हा साका रोग्याला नरकासारखा भाजतो. रसायनाच्या कसोटीवर या सिद्धांतातले फारसे काही टिकत नाही. तरीही रोग म्हणजे, त्या काळच्या प्रचलित समजुतीप्रमाणे, केवळ शरीरातील चार द्रवांचा असमतोल नसून शरीरात एखाद्या ठरावीक जागी साचणारा ठरावीक पदार्थ असू शकतो, हा विचार त्याच्या काळाच्या मानाने पुढचा होता. त्याचे बाकीचे टार्टर विस्मृतीत गेले, दातांवरचे तेवढे राहिले.

दातांवरचा हा थर, ज्याला मराठीत कीटण म्हणतात, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. दातांवर जिवाणूंचा मऊ थर सतत तयार होत असतो. तो वेळच्या वेळी काढला नाही तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात जमून तो दगडासारखा होतो, आणि मग ब्रशने निघत नाही. लाळग्रंथींची तोंडे जेथे उघडतात तेथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, तो सर्वाधिक साचतो. यामुळेच दंतवैद्य खालच्या पुढच्या दातांमागे आरसा लावून आधी पाहतात.

तोंडात असताना कीटण हिरड्यांचा शत्रू असतो, पण मृत्यूनंतर तेच इतिहासाचे भांडार ठरते, कारण थर कठीण होताना त्यात अन्नाचे कण, परागकण आणि जिवाणूंचा डीएनए अडकून राहतो. जर्मनीतील डालहाइम येथील मध्ययुगीन मठात पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरील कीटणात गडद निळ्या रंगाचे कण सापडल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. तो रंग लाजवर्द या रत्नाचा होता, जे त्या काळी अफगाणिस्तानातून येत असे आणि मौल्यवान हस्तलिखितांच्या सजावटीसाठीच वापरले जाई. कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करण्याच्या सवयीमुळे तो रंग तिच्या तोंडात गेला असावा, हे संशोधकांना सर्वांत संभाव्य वाटले. अशी हस्तलिखिते पुरुष मठवासीच रंगवत असत असा समज होता. एका अनाम स्त्रीच्या दातांवरच्या कवचाने त्याला तडा दिला.

आता तिसरा अर्थ, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तातार हे नाव मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यातील तुर्की शिलालेखांत आठव्या शतकातच आढळते. ७३२ सालच्या कुल तिगिनच्या लेखात ‘तीस तातार’ असा टोळीसमूहाचा उल्लेख आहे. त्यात ‘र’ फक्त शेवटी आहे. मंगोल परंपरेनुसार तेमुजिनच्या, म्हणजे पुढे चंगीझखान झालेल्या सरदाराच्या, पित्याला तातारांनी विष घालून मारले. १२०२ मध्ये तेमुजिनने त्यांचा पुरता पराभव केला आणि गाडीच्या चाकाच्या खुंटीपेक्षा उंच असलेल्या पुरुषांची कत्तल करण्याचा निर्णय झाला. ज्या जमातीचा असा संहार झाला तिचेच नाव पुढे तिच्या संहारकर्त्यांना चिकटले, कारण चिनी आणि इतर शेजारी लोक गवताळ प्रदेशातील अनेक टोळ्यांना आधीपासून सरसकट तातार म्हणत असत. विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ या काळात मंगोलांच्या प्रदेशात प्रवास करून आला, आणि त्याने स्पष्ट लिहून ठेवले की मंगोलांना तातार म्हटलेले आवडत नाही, कारण तातार हे निराळे लोक होते.

युरोपने तोपर्यंत त्या नावात आणखी एक ‘र’ घातला होता. एप्रिल १२४१ मध्ये पोलंडमधील लेग्निका आणि हंगेरीतील मोही येथे दोन दिवसांच्या अंतराने युरोपीय सैन्यांचा दारुण पराभव झाला. हे लोक कोण, कुठून आले, त्यांना काय हवे आहे, हे कोणालाच कळत नव्हते. लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंना तातार हा उच्चार ऐकताच टार्टारस आठवले. स्वर्गातून सोडलेली कांस्याची ऐरण पृथ्वीवर यायला जितका काळ लागतो, तितकाच पृथ्वीपासून आणखी खाली पडल्यावर जे येते, ते हे ग्रीकांचे टार्टारस. देवांकडून पराभूत झालेले टायटन, म्हणजे ग्रीक पुराणातील जुन्या पिढीचे देव, तेथे कोंडलेले होते. इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स मठाचा इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस याने लिहिले की टार्टारसमधून सुटलेल्या राक्षसांसारखे असल्यामुळे यांना टार्टर म्हणणे योग्यच आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या तोंडी त्याने असे उद्गार घातले आहेत की एकतर आपण यांना ज्या टार्टारसमधून ते आले तेथे परत ढकलू, नाहीतर ते आपल्याला स्वर्गात पाठवतील. भेदरलेल्या माणसांनी शब्दश्लेषाचा आधार घ्यावा हे समजण्यासारखे आहे. पण भीती ओसरल्यावरही तो ‘र’ राहिला, आणि एका जिवंत लोकसमूहाच्या नावात नरक कायमचा शिरला.

फारसी भाषेने हे केले नाही. मंगोल आक्रमणाचे घाव इराणने युरोपपेक्षा कितीतरी खोल सोसले होते, तरी फारसीत तातार हे तातारच राहिले, आणि फारसी कवितेत तर तातार देश कस्तुरीच्या सुगंधासाठी प्रसिद्ध आहे. प्रियेच्या केसांचे वर्णन करताना कवींना तातारची कस्तुरी आठवते.

युरोपीय नकाशांवर पुढे कास्पियन समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंतचा अवाढव्य प्रदेश ‘टार्टरी’ या नावाने रंगवला जाऊ लागला. चीन जिंकणाऱ्या मांचू लोकांनाही टार्टर म्हटले गेले. सखालिन बेट आणि आशियाची मुख्य भूमी यांच्यामधील सामुद्रधुनी आजही तातारांच्या नावाने ओळखली जाते, जरी तातार लोकांची वस्ती तेथून हजारो किलोमीटर दूर आहे. हल्ली समाजमाध्यमांवर टार्टरी नावाचे एक महान साम्राज्य होते आणि त्याचा इतिहास दडपला गेला, अशी कहाणी फिरते व ती मराठीतही येऊन पोहोचली आहे. असे साम्राज्य कधीच नव्हते. नकाशा काढणाऱ्यांना ज्या प्रदेशाची माहिती नव्हती त्याला त्यांनी दिलेले ते सोयीचे नाव होते.

तातार मात्र आहेत, आणि रशियात रशियनांनंतरचा सर्वांत मोठा वांशिक समूह त्यांचाच आहे. त्यांची भाषा तुर्की कुळातील असून व्होल्गाकाठच्या त्यांच्या पूर्वजांनी दहाव्या शतकात, म्हणजे मंगोल येण्याच्याही तीनशे वर्षे आधी, इस्लाम स्वीकारला होता. १५५२ मध्ये रशियाचा झार इव्हान द टेरिबल याने त्यांचे कझान जिंकले; आज तेच शहर तातारस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी आहे. क्रिमियातील तातार हा वेगळा लोकसमूह आहे. १८ मे १९४४ रोजी स्टालिनच्या आदेशाने त्यांना घराबाहेर काढण्यास सुरुवात झाली आणि अवघ्या काही दिवसांत दोन लाखांच्या आसपास माणसे मालगाड्यांत भरून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठवली गेली. त्यांतील हजारो माणसे वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत दगावली, आणि उरलेल्यांना मायभूमीत परतण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले.

कच्च्या मांसाचा ‘स्टेक टार्टार’ तातार घोडेस्वारांनी खोगिराखाली मांस मऊ करून खाण्यातून आला, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी तो पदार्थ विसाव्या शतकातील फ्रेंच उपाहारगृहांतला आहे. त्याचे नाव सोबत वाढल्या जाणाऱ्या टार्टार सॉसवरून पडले. माशाच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर आपल्याकडेही मिळणारा तो सॉस मेयोनेजमध्ये काकडीचे लोणचे आणि केपर्स घालून केलेला असतो, आणि तातारांच्या स्वयंपाकघरात त्याला स्थान नाही.

मराठीत लिहिताना मी म्हणून एक भेद पाळतो आणि इतरांनीही तो पाळावा असा माझा आग्रह आहे. पिंपातले कवच, बेकरीतला क्षार, दातांवरचा थर यांना टार्टर म्हणण्यास काहीच हरकत नाही, कारण तो त्यांचा शब्द आहे. लोकांविषयी लिहिताना मात्र इंग्रजी पुस्तकावरून टार्टर किंवा तार्तर असे उतरवू नये. ते स्वतःला तातार म्हणवतात, त्यांची भाषा तातार आहे आणि त्यांचे प्रजासत्ताक तातारस्तान. हे तिन्ही शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहिता येतात. कोणी जुन्या युरोपीय ग्रंथाचा अनुवाद करत असेल आणि मूळ रूप दाखवणे आवश्यक असेल, तर तेथे टार्टर ठेवून तळटीपेत तातार लिहावे.